दोन बाजूंचे चिंचोके

आमच्याकडे मुलगी द्यायची ती आत्याच्या घरात. आत्याला मुलगा नसला किंवा तो अजून रांगत असला तरच बाहेरचं स्थळ बघायचं, आणि तेही नाक मुरडूनच. माझी आजी तिच्या सख्ख्या आत्याची सून होती, तिच्या सासूचंही तसंच झालं होतं, आणि त्याच्या मागचं कुणाला आठवत नसलं तरी वेगळं काही नसणार. अकोल्याबाहेर मोर्णेच्या काठाला आमचा भाजीचा मळा होता आणि बाबा वांग्याचं बीसुद्धा असंच घरचं धरायचे. चांगल्यात चांगलं वांगं झाडावरच पिवळं होईतो राखायचं, मग माय ते चोळून, धुऊन, बी राखेत घोळून वाळवायची आणि मडक्यात भरून तोंड शेणानं लिंपून टाकायची. शेजारच्या मळ्यातलं कुणी मागायला आलं तर बाबा मूठभर बी द्यायचे, पण कुणाचं घ्यायचे नाहीत. आपलं आपल्याला माहीत असतं, परक्याचं काय निघेल कुणी सांगावं, असं त्यांचं म्हणणं. माझी थोरली बहीण सुभद्रा, आमची अक्का, हिला पातूरला आत्याच्या नामदेवला दिली तेव्हाही ते हेच बोलले. लग्नात कुणी फारसं रडलंही नाही, कारण मुलगी जाऊन जाऊन आत्याकडेच चालली होती.

त्या घराची आठवण काढली की मला आधी मोटेचा आवाज ऐकू येतो. चाकाची कुरकुर, मग पाणी थारोळ्यात पडल्याचा धबकन आवाज, मग बैल मागे सरताना बाबांचं ते अर्धं बोलणं, अर्धं गाणं. उजाडायच्या आत भाजीची गाडी बाजारात हर्रासाला निघायची आणि ती परत येईपर्यंत माय कुणाला गरम भाकर द्यायची नाही. बाजार करून आलेल्या माणसानं आधी खायचं, असा तिचा कायदा होता. पाहुणे आले की गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजायचे आणि वांग्याची भाजी अशी तिखट व्हायची की पाहुणे नाक पुसत पुसत आणखी मागायचे. मला आजही कुणी वांगं गोडसर करून वाढलं तर ते आजारी माणसाचं जेवण वाटतं. माझ्या सुना माझ्यासाठी वेगळी भाजी करतात आणि मागून बोलतात, ते मला ऐकू येतं.

मी मात्र शिकायला अमरावतीला होते. मळ्यातली पोर हायस्कुलात जाते ही गोष्ट तेव्हा आमच्या लोकांना ऐकायलाही चमत्कारिक वाटे. चौथी झाली की मुलीला घरी बसवतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी वेळेवर जेवण सोडलं. बाबांना वाटलं, पोरगी भूक लागली की येईल चुलीपाशी. मी गेले नाही. शेवटी मायच घाबरली आणि तिनं आपल्या बहिणीकडे माझी सोय लावली. मावशी अंबादेवीच्या रस्त्याला हारफुलं विकायची. सकाळी तिच्याबरोबर हार ओवायचे, मग हाताला झेंडूचा वास घेऊन शाळेत जायचं. माझा हट्टी स्वभाव कुणाकडून आला यावर घरात नेहमी वाद व्हायचा. माय म्हणायची आत्याकडून, आणि आत्या म्हणायची मायकडून.

अक्काचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे आमच्याकडे होतं. दिवाळीच्या सुटीत मी घरी आले तेव्हा ती नुकतीच मोकळी झाली होती, पण अंगणात कुणी हसत नव्हतं. खोलीत गेले तर माय शेकाची शेगडी फुंकत बसलेली, आणि अक्काच्या कुशीत एक मुलगी. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, अंग गुलाबी. अक्का सावळी, नामदेव भाऊजी तर चांगले काळे. मी अक्काकडे बघितलं, तर ती नजर न चुकवता म्हणाली, "पाह्य, भुरी हाये." एवढंच. बाजारात एकानं गोऱ्या साहेबाचं नाव घेऊन काहीतरी बरळलं, तेव्हा बाबांनी तागडी टाकून त्याची गचांडी धरली, असं मला मागून कळलं.

आत्या पातूरहून आली ती नातीसाठी शिवलेलं कुंची-झबलं घेऊन. माझी आत्या मोठ्या आवाजाची बाई, दारात पाऊल टाकायच्या आधी तिचं बोलणं घरात शिरायचं, आणि मला ती फार आवडायची. त्या दिवशी तिनं बाळावरचं फडकं बाजूला केलं, आणि तिचं तोंडच बंद झालं. तिनं मुलीला हात लावला नाही. बाहेर ओसरीत येऊन बसली, पाणीही घेतलं नाही, आणि मग म्हणाली की सूनबाईनं ग्रहणात विळा धरला होता, त्याचं हे फळ. ते खरंच होतं. ग्रहण लागलेलं असताना अक्का मेथी कापत होती. मेथी आत्याच्याच मळ्यातली होती आणि बाजाराची गाडी आत्याच्याच दारात उभी होती, हे मात्र कुणी काढलं नाही.

चार दिवसांनी निरोप आला. अक्कानं आणि मुलीनं इकडेच राहावं, नामदेवाचं दुसरं लग्न करायचं, आणि मुलगी परकी नको, गोदी आहेच. गोदी म्हणजे मी. बाबांनी हो म्हणून सांगितलं. तेव्हा मी त्यांच्याशी बोलायचं सोडलं, पण आज मला त्यांचा हिशेब दिसतो. परकी सवत आली असती तर अक्काला पातूरचं दार कायमचं बंद झालं असतं. मी गेले तर निदान वर्ष-सहा महिन्यांनी तिला मागच्या दारानं आत घेता आलं असतं. एका मुलीची शाळा देऊन दुसरीचं घर राखायचं, असं ते होतं, आणि एरवी शाळेला तरी कुठे कुणी मोजत होतं. माय माझ्या केसांना तेल लावता लावता म्हणाली, नामदेव काही वाईट नाही. नव्हतेच वाईट. फक्त आईपुढे त्यांना तोंड नव्हतं. मला रडू आलं नाही, राग आला. नाताळच्या सुटीत पातूरची माणसं कुंकू लावायला येणार होती, तोवर परीक्षेचं निमित्त करून मी अमरावतीला परत गेले, आणि काहीही झालं तरी हे लग्न करायचं नाही एवढं ठरवून गाडीत बसले.

आम्हाला शास्त्र शिकवायच्या त्या दाते बाई पुण्याच्या. माझं बोलणं ऐकून त्या दचकायच्या. 'का'च्या जागी 'काहून' म्हटलं की त्यांना मी भांडायला आले असं वाटे. त्या दिवशी मी खरंच भांडायला गेल्यासारखी गेले. ग्रहणात विळा धरला तर लेकरू पांढरं होतं का, एवढंच विचारलं. बाईंनी हसून टाळलं नाही. सगळं विचारून घेतलं, नवरा-बायकोचं नातं काय तेही विचारलं, आणि मी ते सांगताच फळ्याकडे वळल्या. वाटाण्याच्या वेलांची गोष्ट त्यांनी आम्हाला आधी सांगितली होती, ती मी परीक्षेपुरती पाठ केली होती. आता त्यांनी तीच माणसांवर लावून दाखवली. प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या असतात असं समज, एक आईची, एक बापाची. काही गुण दांडगे असतात, एक चिठ्ठी असली तरी दिसतात. काही दबून राहतात, दोन्ही चिठ्ठ्या त्यांच्याच आल्या तरच वर येतात. हा पांढरेपणा दबून राहणारा. तो आईत असतो, बापात असतो, आजीत असतो, आणि कुणाला पत्ता नसतो. माणसाच्या सगळ्याच गोष्टी इतक्या सरळ नसतात, हेही त्यांनी बजावलं. बुद्धी, स्वभाव, उंची यांत फार गुंतागुंत आहे. पण ही एक गोष्ट सरळ आहे, म्हणाल्या.

मी विचारलं, म्हणजे भाऊजींतही आहे? असलंच पाहिजे, त्या म्हणाल्या, एकीकडून येऊन हे होत नाही. आणि माझ्यात? असेल किंवा नसेल, बाहेरून बघून सांगता यायचं नाही. मग सगळ्यांत महत्त्वाचं विचारलं, की अक्काचं पुढचं मूल कसं होईल. चारात एक वेळ असं, पण प्रत्येक वेळी नव्यानं, आधीचं काही त्यात धरायचं नाही. त्यांनी फळ्यावर चौकटी काढल्या. त्या चौकटी माझ्या घरी कुणाला कळणार नव्हत्या, आणि मला तर माझ्या घरीच बोलायचं होतं. आता माझी नात याच चौकटी वहीत काढते, जनुक म्हणते, अप्रभावी म्हणते, आणि आजीला यातलं काय कळणार अशा चेहऱ्यानं मला समजावते. मी समजावू देते.

चिंचोके मला मावशीच्या ओट्यावर सुचले. शेजारच्या मुली पट खेळत होत्या. चिंचोका फोडून त्याची दोन डाळं करायची, बाहेरची बाजू तपकिरी, आतली पांढरी, आणि ती फेकून दान घ्यायचं, हा खेळ आमच्या वऱ्हाडात लहानथोर सगळे खेळायचे. मी ते दान बघत बसले. एक डाळ अक्काचं, एक भाऊजींचं. दोन्हींना तपकिरी बाजू आहे, दोन्हींना पांढरी. एक जरी तपकिरी पडली तरी लेकरू सावळं. दोन्ही पांढऱ्या पडल्या तर भुरं. मी दुसऱ्या दिवशी दाते बाईंना करून दाखवलं. त्या खाली बसल्या आणि पोरीसारख्या कितीतरी वेळ डाळं फेकत राहिल्या. घरी हेच दाखव, म्हणाल्या, पण जे खरं आहे तेवढंच सांग, तुला सोयीचं असेल तेवढंच नव्हे.

नाताळात आत्या, भाऊजी आणि भाऊजींचे चुलते तुळशीराम काका आले. रोडगे झाले, वांग्याची भाजी झाली, जेवणं उरकली. अक्का मुलीला घेऊन दाराच्या आड बसली होती. माय कुंकवाचा करंडा शोधायला लागली आणि मी ओसरीत जाऊन पुरुषांच्या मधे बसले. नवऱ्या मुलीनं असं येऊन बसायचं नसतं, म्हणून सगळे गप्प झाले, ते मला बरंच पडलं.

"आत्या, दोष ग्रहनाचा का आपल्या घरचा?" मी विचारलं.

"ग्रहनाचा," आत्या म्हणाली. "घर काहून वाईट असन? माह्यं माहेर हाये."

"मंग ग्रहन तं सुटलं. अक्कालेच घेऊन जाय."

तुळशीराम काकांनी पानाची पिंक टाकली आणि घरातच खोट असली तर काय करायचं, असं विचारलं. मी म्हटलं, खोट घरात असेल तर मीही याच घरातली आहे, मला कशाला नेता? बाबा उठायला लागले. त्यांनी मला दंडाला धरून आत नेलं असतं, पण भाऊजी तेवढ्यात पहिल्यांदाच बोलले. "तिले बोलू द्या मामा," म्हणाले, खाली बघतच.

मी कमरेची चिंचोक्याची दोन डाळं काढली आणि सारवलेल्या जमिनीवर ठेवली. ही अक्का, हे भाऊजी. अंगानं दोघंही काळी, पण पोटात पांढरी बाजू. मी फेकली, दोन्ही तपकिरी. पुन्हा फेकली, एक-एक. असं किती तरी वेळ पांढऱ्या-पांढऱ्या पडेचनात, आणि काका हसायला लागले. मग पडल्या. सगळे वाकून बघायला लागले. मी सांगितलं की एका अक्काच्या हातानं हे होतच नाही, भाऊजींची पांढरी बाजू आल्याशिवाय ही मुलगी झालीच नसती. दोघांत ही बाजू आली कुठून? दोघांचे आजी-आजोबा एकच. तिथून ती बाबांत आली आणि बाबांतून अक्कात. तिथूनच ती आत्यात आली आणि आत्यातून भाऊजींत. माझ्यात आहे की नाही मला ठाऊक नाही. असली तर पातूरला जाऊन मीही हेच दान टाकीन, ग्रहण असो वा नसो.

मला वाटलं मी जिंकले. आणि मग तुळशीराम काकांनी मान हलवली, अगदी कौतुकानं.

"पोरगी बरोबर बोलून राह्यली," ते म्हणाले. "मंग बाह्यरचीच पाहू. तिवस्याले माह्या सालीची पोरगी हाये. तिच्याकून पांढरी बाजू काहून येईन?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून आठवते. मी स्वतःला सोडवलं होतं आणि अक्काचं दार मीच बंद केलं होतं. काका म्हणाले ते खरंही होतं, दाते बाईंनी मला तसंच सांगितलं होतं, बाहेरच्या घरची मुलगी केली तर असं मूल होण्याचा संभव फारच थोडा. मला काहीतरी ठोकून देता आलं असतं, तिथं कोण तपासणार होतं. पण मी ज्याच्या बळावर बोलायला बसले होते ते खरेपण तेवढंच माझ्याजवळ होतं. हो, बाहेरची केली तर बहुतेक असं होणार नाही, मी म्हटलं. पण मग अक्कानं काय गुन्हा केला ते सांगून जा. तिनं जेवढं दिलं तेवढंच भाऊजींनी दिलं. तिला टाकायचं तर भाऊजींनाही टाका. माझा आवाज चढला होता, आणि आत माय मला गप्प राहा म्हणून खुणा करत होती.

आत्या कुणाकडेच बघत नव्हती. तिनं जमिनीवरचं एक डाळ उचललं आणि ते बोटांत उलटंपालटं करत बसली.

"भागी अशीच होती," ती म्हणाली.

बाबांनी विचारलं, कोण भागी. हे नाव त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. आत्या त्यांच्याहून बरीच मोठी होती. तिनं सांगितलं ते तिच्या नेहमीच्या आवाजात नव्हतं, वाकून ऐकावं लागत होतं. भागी तिची पाठची बहीण. केस असेच, अंग असंच, उन्हात नेलं की डोळे गच्च मिटायची. आत्याच तिला कडेवर घेऊन हिंडायची, आणि तोंडावर ऊन येऊ नये म्हणून सारखी पाठ फिरवायची. गोवरात भागी गेली. तोवर लोकांनी आजीला नको नको ते बोलून घेतलं होतं, तिला माहेरी धाडून द्यायचं जवळपास ठरलं होतं, आणि आजोबांनी ऐकलं नाही. भागी गेल्यावर तिचं नाव कुणी घ्यायचं नाही असं घरात ठरलं. अक्काच्या खोलीत बाळावरचं फडकं उचललं तेव्हा आपल्याला भागीच दिसली, आत्या म्हणाली, आणि भीती वाटली की आता सगळे म्हणतील, ही खोट हिच्याकडूनच आली.

मग तिनं बाबांकडे बघितलं. माझ्या आत्याला मी त्या एकाच दिवशी रडताना पाहिलं.

"भागीच्या मांगून तू झाला," ती म्हणाली. "मायले तवा काढून देलं असतं, तं मले भाऊ कोठून भेटला असता?"

काकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आत्या उठून उभी राहिली होती आणि तिचा आवाज परत आला होता. तिवस्याची पोरगी तिवस्यालेच राहू द्या, असं तिनं त्यांना सुनावलं. भाऊजींना गाडी जुंपायला सांगितली. मायला म्हणाली, तो करंडा ठेव आत, गोदीला तिच्या शाळेत जाऊ दे, नाहीतर ती आणखी काय काय फोडून दाखवेल. आणि दाराआड जाऊन तिनं अक्काच्या मांडीवरून मुलगी उचलून घेतली.

पुढचं थोडक्यात सांगते. मुलीचं नाव शेवंती ठेवलं. तिला लांबचं दिसायचं नाही आणि ऊन सोसायचं नाही, पण ती संसार करून, नातवंडं बघून राहिली. अक्काला नंतर सावळी मुलं झाली, आणि शेवटचा मुलगा पुन्हा भुरा. तेव्हा पातूरला कुणी ग्रहणाचं नाव काढलं नाही. आत्याच्या घरात मुलगी द्यायची रीत आमच्या घरापुरती बाबांनी बंद केली. वांग्याचं बी मात्र त्यांनी शेवटपर्यंत घरचंच धरलं. त्यावर मी कितीही बोलले तरी त्यांनी ऐकलं नाही.

त्या दिवशी आत्या मुलीला घेऊन गाडीत पुढे बसली आणि मी अक्काची ट्रंक ठेवायला गेले. अक्का गाडीशी उभी होती. तिनं हळूच विचारलं, पुढचंही असंच झालं तर? मी सांगितलं, चारात एक वेळ, दर खेपेला नव्यानं. झालं तर झालं, ती म्हणाली, आता आत्या तरी बोलणार नाही. मग माझा हात धरून म्हणाली, "एक सांग गोदे. हे सारं माह्यासाठी केलं का तुह्यासाठी?"

"माह्यासाठी," मी म्हटलं. "तुह्या नवऱ्यासंग मले लगीन नोतं कराचं."

अक्का हसली. बाळंत झाल्यापासून ती हसलेली मी पाहिली नव्हती, आणि आता हसायला लागली तर थांबेचना, गाडीचा दांडा धरून हसत राहिली, आणि मग मीही. आत्यानं मागे वळून बघितलं, मुलीच्या तोंडावर उन्हाआड धरलेला पदर नीट केला आणि काय झालं म्हणून विचारलं. आम्ही दोघींनीही सांगितलं नाही.